मुळशीतून पुण्याला आणि पुण्याहून पुढे: कुठे, किती पैसे लागतात?

पौडच्या स्टँडवरून सकाळी सहाला निघालेला माणूस ७० रुपयांत पुणे स्टेशनला पोचतो. तोच माणूस रात्री बाराला स्टेशनवर उतरला, तर घरी जायला त्याला ९०० ते १००० रुपये मोजावे लागतात. अंतर तेच, ३५ किलोमीटरच्या आसपास. मुळशीकराचा प्रवासखर्च किलोमीटरवर कमी आणि दोन गोष्टींवर जास्त ठरतो: तुम्ही किती वाजता निघता आणि चांदणी चौकात पोचल्यावर पुढे काय पकडता. या दोन गोष्टी आधी नीट ठरवल्या तर महिन्याकाठी बरेच पैसे वाचतात, म्हणून हे सगळे सविस्तर मांडतो आहे.

तालुका मोठा आणि विखुरलेला आहे. माण, मारुंजी, हिंजवडी एका अंगाला. भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड हा मधला पट्टा. पलीकडे धरणभाग आणि ताम्हिणी, आणि बाजूला मुठा, कोळवण, रिहे अशी खोरी. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण झालेच आणि खोऱ्यातली गावे वरच्या उतारांवर सरकली. त्यातली अनेक गावे आजही मुख्य रस्त्यापासून आत आहेत. तिथल्या माणसाला पहिला खर्च फाट्यापर्यंत यायचा असतो, आणि तो कुठल्याच दरपत्रकात दिसत नाही. पुढचे हिशेब फाट्यापासून, म्हणजे बस मिळते तिथून केले आहेत. दर २०२५ अखेरचे आहेत आणि अंतरे अंदाजाने धरली आहेत, त्यामुळे तिकिटात एखाद्या टप्प्याचा फरक पडू शकतो.

पीएमपीचा हिशेब

पुण्याच्या शहर बससेवेचे, म्हणजे पीएमपीचे तिकीट १ जून २०२५ पासून बदलले. पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये आणि पुढे ३० किलोमीटरपर्यंत दर ५ किलोमीटरला १० रुपये वाढ. म्हणजे १० किलोमीटरला २०, १५ला ३०, २०ला ४०, २५ला ५० आणि ३०ला ६०. त्यापुढे टप्पा १० किलोमीटरचा होतो: ४० किलोमीटरपर्यंत ७० रुपये, ५०पर्यंत ८०. एवढे लक्षात ठेवले की कुठल्याही गावचे तिकीट घरबसल्या काढता येते.

वनाजपर्यंत, म्हणजे पौड रस्त्यावरच्या मेट्रो स्थानकापर्यंत यायचे तर भूगाव आणि भुकूमहून २० रुपये, पिरंगुटहून ३०, आणि पौडहून ५० किंवा ६०. पौड ते स्वारगेट अथवा पुणे स्टेशन थेट बसने ७० रुपये. टप्पा ३० किलोमीटरनंतर लांब होत असल्यामुळे दूरच्या प्रवाशाला थेट बस तुलनेने स्वस्त पडते. दोन बस बदलल्या तर दोन्ही तिकिटे पहिल्या टप्प्यापासून मोजली जातात, त्यामुळे खर्च वाढतो. पैसे वाचवणे हाच हेतू असेल तर पौडकराने थेट गाडीची वाट पाहावी.

पासच्या बाबतीत खूप जणांचा गोंधळ होतो. दिवसाचा ७० रुपयांचा पास पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या हद्दीपुरता आहे. पिरंगुट, पौडहून येणाऱ्याला लागतो तो १५० रुपयांचा, सगळ्या पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश क्षेत्रात चालणारा. पौड-स्वारगेट जाऊन-येऊन १४० रुपये होतात. म्हणजे शहरात आणखी एखादी बस घेणार असाल तरच १५०चा पास परवडतो. नुसते जाऊन यायचे असेल तर सुटी तिकिटे काढा. शहरात चार ठिकाणी कामे आहेत, दवाखाना, जिल्ह्याची कचेरी, मग बाजार, अशा दिवशी मात्र तो पास सकाळी पहिल्याच बसमध्ये घ्यावा.

महिन्याचा पास दोन महापालिकांपुरता १५०० रुपये आणि पूर्ण क्षेत्राचा २७०० रुपये. नोकरीला रोज जाणाऱ्याने महिन्याचे २५ दिवस धरले तर २७०० रुपयांचे दिवसाला १०८ पडतात, म्हणजे एका वेळचे ५४. तुमचे एका बाजूचे तिकीट ६० किंवा त्याहून जास्त असेल तर पास घ्या. ५० असेल तर महिन्यात २७ दिवस प्रवास केल्यावर कुठे बरोबरी होते. पिरंगुटहून डेक्कनला रोज ४० रुपयांत जाणाऱ्याचा महिन्याचा खर्च २००० होतो. त्याने २७०० रुपये भरण्यात काही अर्थ नाही. पौड-स्वारगेट करणाऱ्याचे मात्र ३५०० होतात, त्याचे ८०० रुपये सरळ वाचतात.

वाहकाकडे यूपीआयने पैसे देता येतात, पण पिरंगुटच्या पुढे मोबाइलच्या रेंजचा नेम नाही. दहा-वीसच्या सुट्या नोटा खिशात असू द्याव्यात.

बायकांसाठी एसटी

हे पुरेसे सांगितले जात नाही. राज्यात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत निम्मे तिकीट आहे. पीएमपीत ही सवलत लागू नाही. ताम्हिणीमार्गे माणगाव, श्रीवर्धनकडे जाणाऱ्या एसटी पौड रस्त्यानेच ये-जा करतात. एसटीच्या साध्या गाडीचे भाडे जानेवारी २०२५च्या वाढीनंतर ६ किलोमीटरच्या टप्प्याला साधारण १० रुपये आहे. पौड ते स्वारगेट पूर्ण तिकीट ६० ते ६५च्या घरात जाते आणि बाईला त्याच्या निम्मे, म्हणजे ३० ते ३५ रुपये. त्याच प्रवासाला पीएमपीत ७०. रोज जाऊन येणाऱ्या महिलेला दिवसाला ७० रुपयांचा फरक पडतो, २५ दिवसांचे साडेसतराशे.

अडचण फेऱ्यांची आहे. एसटी पीएमपीइतक्या नाहीत आणि प्रत्येक थांब्यावर थांबतही नाहीत. तरी पौडच्या स्टँडवर एकदा वेळा विचारून घ्याव्यात आणि कागदावर उतरवून घरात लावाव्यात. जायची एक जरी वेळ जुळली तरी निम्मा फायदा पदरात पडतो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे. त्यासाठी आधार कार्ड जवळ हवे. आजोबांचे आधार घरी कपाटात राहिले तर वाहक पूर्ण तिकीट मागणार, आणि नियमाने त्याचे बरोबरच असते.

वनाजला उतरायचे की नाही

वनाज ते गरवारे कॉलेज अशी मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये ती रुबी हॉलपर्यंत आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत गेली. पौड रस्त्याने येणाऱ्यासाठी तेव्हापासून शहराचे दार वनाज झाले आहे. तिकीट १० रुपयांपासून. वनाज ते पुणे रेल्वे स्टेशन २५ रुपयांच्या आसपास, वनाज ते रामवाडी ३०. शनिवारी, रविवारी ३० टक्के सूट मिळते आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या कार्डावर रोज तेवढीच. पहिली गाडी सकाळी ६ला. रात्री ११पर्यंत सेवा चालते. जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलली की एका बाजूला स्वारगेट, दुसऱ्या बाजूला पिंपरी.

पैशांत बघितले तर पौडकराला मेट्रो थोडी महाग पडते: वनाजपर्यंत ५०-६० आणि पुढे २५, म्हणजे ७५ ते ८५, तर थेट बस ७०. पण वनाज ते पुणे स्टेशन मेट्रोने २० ते २५ मिनिटांत होते आणि संध्याकाळी कर्वे रस्त्यावर बस किती वेळ अडकेल हे कुणीच सांगू शकत नाही. गाडी पकडायची असेल, परीक्षा असेल, डॉक्टरांची वेळ असेल तर ते जादा १० रुपये खुशाल द्यावेत. नुसती खरेदी असेल तर थेट बसमध्ये खिडकी धरून बसावे.

पिरंगुट आणि भूगावकरांचे गणित वेगळे आहे. पिरंगुटहून वनाज ३० आणि पुढे २५, एकूण ५५. थेट बस ५०. फरक नावापुरता. त्यांनी डोळे झाकून वनाजला उतरावे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ही मार्गिका वनाजपासून चांदणी चौकापर्यंत वाढवायला मंजुरी दिली आहे. कोथरूड डेपो आणि चांदणी चौक ही दोन नवी स्थानके त्यात आहेत. ती झाली की कोथरूडमधली गर्दी टाळून थेट चौकातच मेट्रोत बसता येईल. तोवर भूगावातल्या अरुंद रस्त्यावर जाणारा वेळ धरूनच घरून निघायला हवे. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत पौड-वनाजला नेहमीपेक्षा पाऊण तास जास्त धरा. हा वेळ तिकिटावर छापलेला नसतो, पण गाडी चुकली की त्याची किंमत कळते.

मुंबई, सातारा, कोल्हापूर: शहरात शिरू नका

पुण्याबाहेर जायचे म्हणजे आधी स्वारगेट किंवा स्टेशन गाठायचे, ही सवय जुनी आहे आणि मुळशीकराला ती महागात पडते. मुंबई-बेंगळुरू महामार्ग चांदणी चौकातूनच जातो. मुंबईकडच्या आणि सातारा, कोल्हापूर, बेंगळुरूकडच्या अनेक खासगी आरामगाड्या आणि काही एसटी तिथे प्रवासी घेतात. आरक्षण करताना बसण्याचे ठिकाण चांदणी चौक निवडले की शहरात जाऊन परत त्याच चौकातून बाहेर पडण्याचे ३०-४० रुपये आणि दीड-दोन तास वाचतात. हिंजवडी, माणकडच्यांनी वाकड निवडावे.

एक खबरदारी मात्र घ्यायलाच हवी. चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे पाडला गेला आणि १२ ऑगस्ट २०२३ला नव्या पुलांचे उद्घाटन झाले. आता तिथे वर-खाली जाणारे इतके रस्ते आहेत की मुंबईकडची गाडी कुठल्या बाजूला थांबते आणि साताऱ्याकडची कुठे, हे नवख्याला समजत नाही. गाडीच्या चालकाला किंवा कार्यालयाला आदल्या दिवशी फोन करून नेमकी खूण विचारा. पौडहून आलेली बस सोडते ती जागा आणि तुमची गाडी थांबते ती जागा वेगवेगळ्या असतात. हातात बॅगा आणि लहान मूल घेऊन महामार्ग ओलांडायचा प्रयत्न कुणीही करू नये. एखादी गाडी सुटली तरी चालेल. मी तर म्हणेन, म्हातारी माणसे सोबत असतील तर २० मिनिटे आधी पोचून पादचारी मार्गानेच जा.

भाड्याचा अंदाज असा. पुणे-कोल्हापूर सुमारे २३५ किलोमीटर. एसटीच्या साध्या गाडीला ४०० रुपयांच्या आसपास, महिलेला २००. मुंबईला एसटीची शिवनेरी ५०० ते ६५०च्या दरम्यान, तिच्यातही बाईला निम्मे. खासगी गाडीचे भाडे वारानुसार बदलते: मंगळवारी स्वस्त, शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी महाग.

दिवाळी, गणपती, उन्हाळ्याच्या सुट्टीत खासगी गाड्या वाटेल ते भाडे सांगतात. राज्य सरकारने २७ एप्रिल २०१८ रोजी काढलेल्या निर्णयानुसार खासगी गाडीचे भाडे त्याच प्रकारच्या एसटी भाड्याच्या दीडपटीहून जास्त आकारता येत नाही. तुमच्याकडून त्याहून जास्त घेतले असेल तर तिकिटाचे चित्र, गाडीचा क्रमांक आणि तारीख लावून प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी तक्रार करा. तोंडी भांडणातून काही निघत नाही.

रेल्वे

मुंबईला सगळ्यांत स्वस्त प्रवास अजूनही रेल्वेचाच आहे. इंटरसिटी गाड्यांत दुसऱ्या वर्गाचे बसण्याचे आरक्षित तिकीट सव्वाशेच्या आत, वातानुकूलित खुर्ची चारशेच्या आसपास. १९३० सालापासून धावणारी डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ला सुटते आणि संध्याकाळी ५.१०ला मुंबईहून निघून साडेआठच्या आत पुण्यात येते. पौडकराला ती जमते, पण थोडी कसरत आहे. वनाजहून मेट्रो ६ला सुरू होते, त्यामुळे सव्वासहाच्या सुमारास वनाजला पोचायलाच हवे. म्हणजे पौडहून पाचच्या सुमाराची बस. डेक्कन क्वीन चुकली तर प्रगती एक्स्प्रेस आहे. सिंहगड एक्स्प्रेस पहाटे सहाच्या सुमारास सुटते. तिच्यासाठी मेट्रो उपयोगाची नाही. शहरात नातेवाईक असतील तर आदल्या रात्री त्यांच्याकडे मुक्काम करावा, नाहीतर गाडी ठरवावी लागेल आणि मग रेल्वेचे तिकीट स्वस्त असण्याचा फायदा राहत नाही.

आरक्षण ६० दिवस आधी उघडते. लग्नसराई आणि सुट्ट्यांत दुसऱ्या वर्गाच्या जागा लवकर भरतात. काही अडचण आली तर १३९ हा एकच क्रमांक पुरतो.

कोळवण खोऱ्यातल्या लोकांना आणखी एक वाट आहे. तिकोना, पवनानगरवरून कामशेत. तिथून पुणे-लोणावळा लोकल पंधरा-वीस रुपयांत मिळते, आणि लोणावळ्याला मुंबईच्या गाड्या थांबतात. स्वतःची दुचाकी असेल किंवा कुणी सोडणारे असेल तरच हे जमते. पण ज्यांना जमते त्यांनी पौड-चांदणी चौक-स्टेशन असा वळसा घालायची गरज नाही.

रात्री अकरानंतर

खिसा खरा रिकामा होतो तो इथे. मेट्रो बंद, पौडकडची बस गेलेली. पुणे स्टेशन ते चांदणी चौक साधारण १२ किलोमीटर. पुण्यात रिक्षाचा दर सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ असा आहे. दिवसा चौकापर्यंत मीटरने २०५ रुपये होतात. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ यांत २५ टक्के जादा, म्हणजे २५५. सामानाचे नगामागे ३ रुपये. आता पौडला जायचे म्हटले की रिक्षावाला परतीचे भाडे मागतो, आणि रिकामी रिक्षा घेऊन त्याला परत यायचे असते हेही खरे आहे. मग सौदा होतो, मीटर बाजूला पडते.

टॅक्सीचा पुण्यातला अधिकृत दर वातानुकूलित गाडीला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये. या दराने स्टेशन ते पौड ९०० रुपयांच्या आसपास. मोबाइल ॲपवर दिसणारा आकडा कधी यापेक्षा कमी, कधी जास्त असतो आणि रात्री चालक पौडचे नाव ऐकून नाकारतात. अधिकृत दर माहीत असला की निदान १५०० मागणाऱ्याला तुम्ही हिशेब दाखवू शकता.

रात्री येणाऱ्याला माझे सांगणे एवढेच: घरच्या कुणाला तरी चांदणी चौकापर्यंत बोलवा. स्टेशनपर्यंत नाही, चौकापर्यंत. तिथपर्यंत तुम्ही २५५ रुपयांत पोचता, आणि पुढचे २२-२३ किलोमीटर गावच्या दुचाकीने ५० रुपयांच्या पेट्रोलमध्ये होतात. गाडी उशिरा पोचणार हे आधी कळले तर साडेदहाच्या आत स्टेशनवरून वनाजची मेट्रो पकडता येते का ते बघा. तेवढ्यानेच २०० रुपये वाचतात. एकटी मुलगी किंवा बाई असेल तर पैशांचा विचार नंतर करा. गाडीचा क्रमांक घरी कळवा आणि गरज पडली तर ११२ला फोन लावा.

विमानतळ

लोहगावचे नवे टर्मिनल जुलै २०२४ पासून वापरात आहे. तिथून मुळशीला यायला शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यावे लागते. अधिकृत टॅक्सी दराने चांदणी चौक ५०० रुपये, पिरंगुट ८००, पौड १०५०च्या आसपास. हिंजवडीला साडेसहाशे. ॲपच्या गाड्या टर्मिनलच्या दारात येत नाहीत, शेजारच्या एरोमॉल या वाहनतळातून घ्याव्या लागतात, तेवढे चालणे धरा.

दिवसा उतरलात, सामान एखादीच बॅग असेल, तर बस किंवा रिक्षाने रामवाडी मेट्रो, तिथून वनाज ३० रुपये, वनाजहून पौड ५०-६०. बसने केले तर सगळे मिळून १०० रुपयांच्या आसपास, रिक्षाने रामवाडीपर्यंत आलात तर पावणेदोनशे. वेळ अडीच तास धरा. म्हणजे ९०० रुपये वाचवायला दीड तास जादा जातो. दोघे असाल तर मेट्रो चांगली. चौघांचे कुटुंब आणि चार बॅगा असतील तर टॅक्सीच करा, माणशी अडीचशे रुपयांत घरापर्यंत येता. पहाटेच्या विमानाला मेट्रो उपयोगाची नाही, तिथे टॅक्सीला पर्याय नाही.

नवी मुंबईचे विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. पुण्याहून थेट विमान नसेल तर मुळशी-हिंजवडीच्या लोकांना ते मुंबईच्या जुन्या विमानतळापेक्षा सोयीचे ठरू शकते, कारण मुंबई शहरातल्या गर्दीत शिरावे लागत नाही. पण तिकिटाची तुलना करताना द्रुतगती मार्गाचा टोल आणि गाडीभाडे दोन्ही बाजूंनी मिळवा. विमानात ५०० रुपये वाचवून रस्त्यावर २००० घालवणारे बरेच असतात.

स्वतःची गाडी

पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास धरले तर दुचाकीला किलोमीटरमागे २ ते सव्वादोन रुपये, चारचाकीला ७. पौड ते पुणे स्टेशन चारचाकीने २५० रुपयांचे पेट्रोल आणि शहरात उभी करण्याचे पैसे वेगळे. चौघे जाणार असाल तर बसचेही २८०च होतात, म्हणजे गाडी परवडते. एकटा माणूस गाडी घेऊन गेला तर तो बसच्या साडेतीनपट खर्च करतो.

मुंबईला द्रुतगती मार्गाचा टोल चारचाकीला एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये. फास्टॅग नसेल तर दुप्पट. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोलमाफी आहे. तीन हजारांचा वर्षाचा फास्टॅग पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. खेड शिवापूरला तो चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही. सारखे साताऱ्याला जाणाऱ्याने तो घ्यावा, फक्त मुंबईला जाणाऱ्याने घेऊ नये. पेट्रोल आणि टोल मिळून मुंबईला एका बाजूचे साधारण १३५० होतात. दुचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी आहे, तिने जुन्या महामार्गानेच जायचे.

हिंजवडी, माणच्या लोकांसाठी शिवाजीनगरपर्यंतची २३ किलोमीटरची आणि २३ स्थानकांची मेट्रो २०२५ अखेरपर्यंत प्रवाशांसाठी खुली झालेली नव्हती. ती सुरू झाल्यावर त्यांचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. सध्या पीएमपी, शेअर रिक्षा आणि कंपन्यांच्या गाड्या यांच्यावरच त्यांचे चालले आहे.

धरणभाग आणि ताम्हिणी

धरणभागातल्या गावांना पुण्याचा खर्च माले गावापासून, म्हणजे पौडच्या १५ किलोमीटर पलीकडून सुरू होतो. फेऱ्या मोजक्या, आणि शेवटची गाडी गेली की जीप, म्हणजे वडाप. वडापचा ठरलेला दर नसतो. बसण्याआधी विचारा आणि गाडी भरल्याशिवाय निघणार नाही हे धरून चाला. संध्याकाळी पुण्याहून परतताना पौडपर्यंत दिवेलागणीच्या आत यायचे, ही इथल्या लोकांची सवय योग्यच आहे.

कोकणात किंवा गोव्याला जायचे असेल तर धरणभाग आणि ताम्हिणीच्या लोकांनी पुणे स्टेशनचा विचारच करू नये. घाट उतरून माणगाव गाठा. माणगावला कोकण रेल्वेची मांडवी एक्स्प्रेस थांबते, दिवा-सावंतवाडी गाडीही थांबते. साध्या डब्यातून रत्नागिरी, कणकवली फार थोड्या पैशांत होते. पुण्याला ५० किलोमीटर उलटे जाऊन रात्रभर बसमध्ये बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

पावसाळ्यात मात्र ताम्हिणीवर भरवसा ठेवू नका. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि आदरवाडीजवळ दरड कोसळली. अशा दिवसांत घाट बंद होतो आणि माणगावची गाडी चुकते. जुलै-ऑगस्टमध्ये महत्त्वाचे आरक्षण माणगावहून करू नये, किंवा एक दिवस आधी खाली उतरून राहावे.

पुण्याहून धरण, ताम्हिणी बघायला येणाऱ्यांनाही यातले बरेच लागू आहे. पौडपर्यंत बस सहज मिळते. पुढे फेऱ्या कमी, आणि परतीची वेळ आधी विचारली नाही तर जीपवाला सांगेल ते भाडे द्यावे लागते. पावसाळी शनिवार-रविवारी भूगावपासून ताम्हिणीपर्यंत गाड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत पौडहून दवाखान्यात निघालेले पेशंटही अडकतात. शक्य असेल त्यांनी मधल्या वारी यावे. शनिवारीच यायचे असेल तर सकाळी साडेसहाच्या आत चांदणी चौक सोडावा आणि दुपारी तीनच्या आत परत फिरावे.